आबाच्या पासवर

आधीच सांगून टाकते, या प्रकरणात मी माझ्या आज्याला अहोजाहो करणार नाही. तोंडावर जन्मभर केलं, तो मेल्यावरही लोकांत केलं, आता पुरे. आबा म्हणजे माझ्या वडिलांचा बाप. त्याची सकाळची तयारी मला अजून कानानेच आठवते: मोरीत तांब्या आदळायचा, मग खाकरणं, मग खोकणं, मग माझ्या मायला हाक, "टोपी वाळली का गं?" भाताची पेज काढून त्या कांजीत त्याची पांढरी टोपी माय रोज कडक करायची. घरात भात सणासुदीला शिजायचा, एरवी आम्ही ज्वारीच्या भाकरीवर. पण टोपीसाठी मूठभर तांदूळ रोज. मग धपाटे, वर दह्याची वाटी, ती बोटाने चाटून पुसून साफ. शेवटी सदऱ्याच्या आत हात घालून गळ्यातला दोरा चाचपायचा. त्या दोऱ्याला प्लास्टिकच्या कव्हरात पास लटकलेला असायचा. देवाला दोन बोटं लावावीत तशी त्याला लावायचा आणि मला म्हणायचा, "चला, सुमनबाई, गाडी आपल्यासाठी थांबत न्हाई." गाडी त्याच्यासाठी बरोबर थांबायची, हे त्यालाही माहीत होतं.

पास कसला, ते आजच्या पोरांना सांगायला हवं. निजामाच्या विरोधात जे लढले, तुरुंगात गेले, सरहद्दीवरच्या कॅम्पात राहिले, त्यांना पेन्शन मिळाली आणि लाल गाडीचा फुकट पास मिळाला. राज्यात कुठंही जा. पुढचं बाकडं त्यांचं; वर पांढऱ्या रंगात लिहिलेलं असायचं, स्वातंत्र्यसैनिकांसाठी राखीव. आणि त्या पासवर संगं एक माणूस फुकट. म्हातारं माणूस, हाताला धरून चढवायला कोणीतरी पाहिजे, म्हणून ही सोय. सोय चांगलीच होती, तिला मी नावं ठेवणार नाही. फक्त आमच्या आबाला हाताला धरायची गरज नव्हती. गाडी हलली तरी तो दांडीला धरून टुणकन वर चढायचा आणि वर चढल्यावर मग कण्हायचा.

त्याच्या संगंचं फुकट माणूस मी. तेलगावला दहावी झाली, पुढं शिकायचं तर बीड. माझे वडील ऊस आणि कापूस सोडून तिसऱ्या गोष्टीवर बोलत नसत, पण माझ्या कॉलेजवर बोलले: "पोरगी रोज एकटी बीडला? लोक शेण घालतेल तोंडात." विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास निघत होता, मी तसं म्हणाले. तर आबा खेकसला, "फुकट असताना सवलत कशाला? मी येतो की रोज संगं." झालं, माझं शिक्षण ठरलं. दोन वर्षं मी आबाच्या पासवर बीडला गेले आणि आले. मी कॉलेजात असेपर्यंत तो बसस्टँडच्या कँटीनमध्ये लोकांच्या पैशाचा चहा प्यायचा आणि चारला मला घेऊन परत. गावात लोक म्हणत, नातीसाठी म्हातारा किती झिजतो बघा. झिजतो! ढेरी सुटली होती त्या दोन वर्षांत.

पण मूळ गोष्ट ही नाही. मूळ गोष्ट त्याच्या तोंडातली. धारूरकडून गाडी यायची, आम्ही आमच्या फाट्यावर चढायचो आणि वडवणी यायच्या आत आबाची कथा सुरू. समोर नवीन माणूस दिसायचा अवकाश. "आरं, तुमाला काय म्हाईत. सरहद्दीवर निजामाचा करोडगिरी नाका, जकातीचा. पलीकडं आपला कॅम्प. काडतुसं न्यायची कशी? मेंढरं घेतली. मेंढराच्या पोटाखाली लोकरीत काडतुसं बांधली आन् घोंगडी पांघरून, हाऽऽऽ हुर्रर्र करीत नाक्यातून काढली!" ते 'हुर्रर्र' तो एवढ्या जोरात करायचा की डायवर आरशातून बघायचा. बाया पदर तोंडाला लावून हसायच्या, म्हातारे हात जोडायचे. कंडक्टरला आमच्याकडे मास्तर म्हणतात. मास्तर पंच दांडीवर टकटक वाजवत यायचा, आबाला नमस्कार करायचा, माझ्याकडे बघायचा. आबा म्हणायचा, "ही माझ्यासंगं हाय." मास्तर पुढं जायचा. सोळा-सतरा वर्षांची मी, मला अभिमान वाटायचा. खोटं कशाला बोलू, मी पण मान ताठ करून बसायचे.

परवा मी वडवणीहून बीडला येत होते. आता बाईमाणसाला अर्धं तिकीट आहे. मागचं एक पोरगं त्याच्या दोस्ताला म्हणालं, "अर्धं तिकीट झाल्यापून बायाला घर गोड लागंना. सगळ्या फुकट्या." मी वळून विचारलं, "का रे बाळा, तुझी माय बीडला चालत जाती का?" सवलतीचा मला राग नाही. जिला दोन-दोन वर्षं माहेरी जाता येत नव्हतं ती आता जाते, छान झालं. मला शिसारी येते ती वेगळ्याची. पण ते पोरगं फुकट्या म्हणालं तेव्हा मी वळले, आणि माझे कान गरम झाले, ते त्याच्यामुळं नाही.

आबाचा कँटीनमधला उद्योग काय होता, ते मला अकरावीच्या दिवाळीनंतर कळलं. नवीन माणसाला पास आणि पेन्शन हवी असेल तर मान्यता मिळालेल्या जुन्या दोन सैनिकांनी लिहून द्यावं लागायचं, की हा अमुक आमच्यासोबत कॅम्पात होता. ज्याचं तुरुंगाच्या दप्तरात नाव नाही त्याला हाच एक रस्ता. झालं की! याने त्याच्यासाठी लिहायचं, त्याने याच्या मेव्हण्यासाठी. आबा लिहून द्यायचा. मोबदल्यात कोणी कोंबडं कापायचं, कोणी रसाची काहील उतरली की गुळाची ढेप आणून टाकायचं. दुसरी सही त्याचा एक दोस्त आबाची सही बघून डोळे झाकून करायचा, आणि शिक्का मारणारा माणसाचं तोंडसुद्धा बघायचा नाही. लेखनिक मी. माझं अक्षर चांगलं. आबा बाजेवर पडून सांगायचा, मी लिहायचे. पुढं पुढं तर त्याला उठून सही करायचाही कंटाळा. "चष्मा कुठं गेला कोण जाणे. तूच मार गं." मी मारायचे. आडनावाच्या शेवटी तो एक आकडा काढायचा, विंचवाच्या नांगीसारखा, तो मला त्याच्यापेक्षा बरा जमायचा. एकदा ज्याचं पत्र मी लिहीत होते त्याला बघून माय आत येऊन कुजबुजली, "आगं, निजाम गेला तवा ह्यो पाळण्यात मुतत असंल." मी हसले, आणि सही केली.

मग लिंबाआप्पा आला. लिंबाआप्पा आमच्या गावचा धनगर, आबापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर काळी घोंगडी, उजव्या हाताची दोन बोटं वाकडी. अंगाला मेंढरांचा वास, त्याने माझे वडील तोंड फिरवायचे. त्याची बायको केराबाई, तिच्या घशात गाठ झाली होती. बीडच्या दवाखान्याने मोठ्या शहरात विजेचा शेक घ्यायला सांगितला होता, आठवड्याला तीन-तीन खेपा, दोन महिने. दोन खेपा झाल्या तेव्हाच त्याने चार मेंढरं विकली. तेव्हा त्याला कोणीतरी सांगितलं, की आप्पा, तू तर खरोखरचं केलंस, तुझा पास का नाही? पास निघाला तर तू आणि तुझ्यासंगं केराबाई, दोघं फुकट. सोय त्याच्यासाठीच तर केली होती, हाताला धरून न्यायच्या माणसासाठी.

तो अंगणात बाजेवर बसला नाही, खाली बसला. आबा म्हणाला, "लिहून घे गं, काय म्हणतो ते." आणि पान खायला आत गेला. लिंबाआप्पा बोलायला लागला आणि मी लिहीत गेले, आणि लिहिता लिहिता माझा हात थांबला. काडतुसांचीच गोष्ट. नाका तोच, मेंढरं तीच. मी विचारलं, "आप्पा, लोकरीत बांधली होती ना?" तो हसला, पुढचे दोनच दात. "कोण सांगितलं तुला? दिवाळीच्या आधी मेंढरं कातरून मंग आमी खाली चारायला जातो. कातरल्या मेंढरावर काडतुसं कुठं बांधावी, पोरी? कोकरांच्या झोळीत घातली. घोड्यावर झोळी, झोळीत वल्ली कोकरं, चीक पिऊन पिवळं हागतेत. त्याच्या खाली काडतुसं. शिपाई हात घालाया गेला की हात भरायचा. थुंकायचा आन् म्हणायचा, जाव, जाव!" मग बोटं दाखवली. "तिसऱ्या खेपंला एक जण हात घालून बसला. बंदुकीच्या दस्त्यानं ठेचली. पर झोळी न्हाई सोडली." असं म्हणून, सहज, ज्वारी किती झाली सांगावं तसं तो म्हणाला, "पैल्या खेपंला तुझा आज्जा होता की संगं. त्याचा बाप म्हणला, पोराला पार करून दे. घोंगडीत घातला, हातात काठी दिली, मेंढरात चालवला. लई रडत होता. हद्दीच्या पलीकडं, बार्शीला मामाच्या घरी सोडून आलतो. समदं थंडगार झाल्यावर आला परत."

मी ते सगळं लिहिलं. काय समजत होते मी? शब्द न गाळता लिहिणं म्हणजे शहाणपण, असं समजत होते. आबाने बाहेर येऊन कागद घेतला, चष्मा त्या दिवशी लगेच सापडला. दोनदा वाचला. कोकरांच्या झोळीपाशी जरा जास्तच थांबला. मग घडी घालून म्हणाला, "बघू. सवडीनं करू." लिंबाआप्पा गेल्यावर मला म्हणाला, "ह्यातलं बार्शीचं काढ. दुसरा लिही." दुसऱ्या दिवशी मी वाड्याकडं जाऊन, म्हणजे मेंढरं बसतात तिथं जाऊन, लिंबाआप्पाला भीत भीत विचारलं. तो म्हणाला, "काढ की. मला काय करायचंय त्याचं? केराचं काम झालं म्हंजी बास." मी दुसरा कागद लिहिला, आबाचं नाव न घेता. आबाने तोही वाचला आणि सही केली नाही. मी विचारलं, "कावून, आबा?" तर म्हणाला, "येडी का खुळी तू? काडतुसाची गोष्ट माझ्या कागदात हाय. एका गोष्टीला दोन धनी आले तर चौकशी लागंल. मंग तुझं कॉलेज कुणाच्या पासवर?" आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो निदान बिळाच्या मालकाला हाकलून फुत्कारतो तरी. हा त्याच बिळात बसून मालकालाच सवड बघायला सांगत होता.

लिंबाआप्पा तीनदा आला. तिसऱ्यांदा येताना पितळी डब्यात खरवस घेऊन आला, शेळी व्याली होती, गूळ आणि वेलदोडा घालून केराबाईने स्वतः केलेला. गिळता येत नव्हतं तिला, चव कशी बघितली असेल कोण जाणे. आबा आत जेवत होता. मला हाताने खूण केली, नाही म्हणून सांग. मी दारात जाऊन म्हणाले, "आबा घरी न्हाईत." त्याच वेळेला आत आबाला ठसका लागला. तो ठसका साऱ्या गल्लीला ओळखता आला असता. लिंबाआप्पाने ऐकला, डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "आले की द्या त्यास्नी. गरम हाय तवर बरा लागतो." आबाने खाल्ला. दोन वाट्या. मिशीला लागलेला पुसून वर म्हणाला, "जरा गूळ कमी पडला." त्या दिवसापासून खरवस समोर आला तर मी उठून जाते, लोकांना वाटतं मला दूध चालत नाही.

भांडी घासताना माय मला म्हणाली, "कागद हाय ना तुझ्यापाशी? मार की सही. तुला येती." माझ्या वहीत होता तो कागद, गणिताच्या. मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "माय, ते खोटं होईल. आबाला न विचारता त्यांची सही कशी करायची?" मायने राखेचा हात तसाच हवेत धरला. "आगं बाई! आन् आतापोतर काय हरिपाठ लिहीत होतीस का? इतक्या चोरांच्या केल्यास, एका खऱ्याची करताना तुला खोटं आठवलं?" मी फणकाऱ्याने उठून गेले. वर तत्त्वं सांगितली तिला, कॉलेजात शिकलेली. खरं कारण सांगते आता: मला भीती होती. आबाला कळलं तर पास बंद, पास बंद तर बीड बंद, आणि त्या उन्हाळ्यात माझं लग्न. एवढंच. आबाची किळस करायला मी मागं नाही, पण आबाने सही नाकारली ती एकदा, मी तो कागद रोज वहीत घालून बीडला नेत होते आणि रोज परत आणत होते.

केराबाई पौषात गेली. शेक अर्धेसुद्धा झाले नव्हते. आबा मातीला गेला, सगळ्यांच्या पुढं उभा राहिला, दोन शब्दही बोलला. त्याचा फोटो आता गावच्या कार्यालयात आहे. मुक्तिदिनाला तो खुर्चीवर मांडतात, हार घालतात, शाळेची पोरं सलामी देतात. एक वर्ष मला बोलावलं होतं हार घालायला. मी पाय मुरगळला म्हणून सांगितलं. तेही खोटंच.

केराबाई गेली त्याच्या महिनाभराने एका सकाळी लिंबाआप्पा आमच्यासोबत फाट्यावर उभा. तिचे काही कागद बीडच्या दवाखान्यात राहिले होते, ते आणायला निघाला होता. गाडी आली, आबा टुणकन चढला, मी चढले, मागून लिंबाआप्पा दांडी धरून हळूच चढला आणि आमच्या बाकड्याजवळ उभा राहिला. जागा नव्हती. मी उठले तर तो म्हणाला, "बस, बस." मास्तर पंच वाजवत आला. गाडीतले ओळखीचे लोक बघत होते, आणि आबाला एकदम उदार व्हायची हुक्की आली. "मास्तर, ह्यांचं फाडू नका. गरीब माणूस हाय, बायको मेली. ह्यो आज माझ्यासंगं. माझ्या पासवर एक माणूस फुकट असतंय."

लोकांनी माना डोलावल्या. मागून एक बाई म्हणालीसुद्धा, "दिलदार माणूस हाय आबा." लिंबाआप्पाने धोतराच्या सोग्याची गाठ दाताने सोडली, वाकड्या बोटांनी पैसे काढले आणि मास्तरपुढं धरले. "मी कुणासंगं न्हाई, मास्तर. एक बीड. पुरं फाडा." आबा म्हणाला, "आरं, कावून? फुकट हाय की बे!" मास्तरने तिकीट फाडलं, मग माझ्याकडे वळून नेहमीसारखं, पण जरा थांबून विचारलं, "आन् तू गं? तू कुणासंगं?" माझ्या कंपासपेटीत मायने अडीनडीला म्हणून दिलेली नोट होती. बीडचं तिकीट येऊन वर उरले असते. लिंबाआप्पा वरून माझ्याकडे बघत होता.

"आबासंगं," मी म्हणाले.

आबाचा जरा विरस झाला होता, तो भरून काढायला त्याने समोरच्या नव्या माणसाला धरलं. नाका, कॅम्प, मेंढरं. आणि मग म्हणाला, "काडतुसं कुठं लपवली म्हणता? कोकरांच्या झोळीत! वल्ली कोकरं, चीक पिऊन पिवळं हागतेत. शिपाई हात घालाया गेला की हात भरायचा!" लोक खो खो हसले. अशी छान, अशी खरीखुरी ती गोष्ट आबाने आधी कधी सांगितली नव्हती. शब्द न् शब्द माझ्या कागदातला होता. लिंबाआप्पाने आबाकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. त्याने ते कोणापाशी सांगितलं होतं, हे गाडीत आम्हा तिघांनाच माहीत होतं.

वडवणी आली आणि तो उतरायला लागला. मास्तर ओरडला, "आप्पा, बीडचं तिकीट हाय तुमचं! मागची गाडी तासानं हाय!" तो उतरला, घोंगडी झटकली आणि झाडाखाली जाऊन बसला. मी मात्र बीडपर्यंत गेले, आबाच्या पासवर.